घर सांगायचं राहिलं

१

रविवारी दुपारची जेवणं उरकली की शाळेच्या खोलीत चटई अंथरली जायची. जोयडा तालुक्यात, गुंद गावापासून दीड मैल आत, रानाला पाठ लावून बसलेली ती वाडी. तिच्यातली एकशिक्षकी मराठी शाळा, आणि तिथला शिक्षक, हेडमास्तर, शिपाई अन् घंटा, सगळं एकटा पुंडलिक मास्तर. साल एक्क्याण्णव. शेजारच्या धरणावर वीज तयार व्हायची आणि वाडीत मात्र चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या जायच्या. टीव्ही बघायचा तर गणेशगुडीची कॉलनी गाठावी लागे. रविवारची दुपार त्यामुळे अंगावर यायची.

पुंडलिकानं त्यावर एक तोड काढली होती. बेळगावला शिकत असताना वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीत परदेशातून आलेला एक विद्यार्थी राहायचा. त्यानं जाताना एक झेरॉक्स केलेलं पुस्तक मागे सोडलं होतं. त्यात एक खेळ होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत एकेक सोंग घ्यायचं. सोंगानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशांनी. पुस्तकातले फासे आठ नि बारा नि वीस बाजूंचे होते. ते जोयड्यात कुठून मिळणार? सहा कवड्यांवर काम भागलं.

खेळायला तिघं येत. लखू हा वाडीतलाच शेतकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घरात होता. बाप गेल्यापासून सणासुदीला तोच देवापुढं उभा राहून वाडीच्या वतीनं बोलायचा. परशुराम मूळचा रामनगरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, नोकरी पोस्टमनची. आणि केशर, अंगणवाडीची बाई, तोंडानं फटकळ, कवड्या टाकताना मात्र डोळे मिटून घेणारी.

पुंडलिकानं गोष्ट रचली होती मोठी झोकात. रानाच्या पोटात सात दरवाजांचा गड, आत झोपलेला राजा, त्याला उठवायचं. दोनशे पानी वहीत नकाशासकट सगळं लिहिलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी! परशुरामाचं सोंग व्यापाऱ्याचं; त्यानं पहिल्याच गावात दुकान टाकलं. केशरचं सोंग वैदूचं. ती तिथंच रोगी तपासत बसली. आणि लखूचं सोंग वाटाड्याचं. या पठ्ठ्यानं गडाच्या वाटेवर एक सपाट तुकडा बघितला आणि तिथं भात लावला.

"अरे, गडावर राजा झोपलाय," पुंडलिक कळवळून म्हणायचा.

"झोपू दे की ओ मास्तर," परशुराम म्हणायचा. "झोपलेल्या माणसाला कशाला उठवालात?"

चार रविवार असे गेले. तसा पुंडलिकाचा जीव खेळात अर्धाच होता. उरलेला अर्धा खानापूरला, बायकोपाशी. मंगलला सहावा लागला होता. याआधी दोनदा त्यांचं घर भरता भरता रिकामं झालं होतं. दर बुधवारी परशुराम तिचं पत्र आणायचा आणि प्रत्येक पत्रात शेवटून दुसरी ओळ तीच असायची: 'डॉक्टर म्हणतात ठोके आहेत. पण अजून हालचाल कळत नाही.' दसऱ्याच्या सुटीआधी रजा मिळायची नव्हती. पुंडलिक पत्र घडी करून खिशात ठेवायचा आणि वही उघडायचा.

२

पुस्तकात या दुखण्यावर एक उतारा दिला होता. सोंगं मूळ कथेत येत नसतील तर खेळणाऱ्यांना बोल लावू नका. प्रत्येकाला त्या कथेत त्याचं स्वतःचं असं काहीतरी द्या, मग तो आपल्या पायांनी चालत येईल. पुंडलिकानं त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

शनिवारी संध्याकाळी त्यानं वहीत लिहिलं: 'वाटाड्याची धाकटी बहीण. नाव बाळी. वय नऊ. पिवळा झगा. डाव्या कानाची पाळी फाटलेली.' कानाचं त्यानं राखून ठेवायचं ठरवलं. पुढं गडाच्या तिसऱ्या दरवाजात एक मुलगी दिसेल, तेव्हा ती ओळखायची खूण म्हणून.

रविवारी त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "लखू, तुझ्या सोंगाला एक बहीण आहे. बाळी. नऊ वर्षांची, पिवळ्या झग्यातली. सकाळी गुरांमागं रानात गेली, ती परत आलेली नाही. तिची वाट गडाकडं जाते."

लखूला खरी बहीण नव्हती. तो आईचा एकुलता एक. तरी त्याचा चेहरा बदलला. कवड्या चटईवर ठेवून तो म्हणाला, "नऊ वर्सांची?"

"नऊ."

"मग भात मरू दे. जायाला हवं."

पुंडलिकाला असा आनंद झाला, की त्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "जाण्याआधी गाऱ्हाणं घाल की. तुझं खरं, देवळातलं."

"खेळात गाऱ्हाणं?" लखू थबकला. "त्ये बरं न्हवं मास्तर."

"तू कुठं घालतोयस? तुझं सोंग घालतंय. देवाला तेवढं कळत नाही होय?"

लखू उठला. टोपी सरळ केली, हात जोडले, आणि तोंड रानाकडं केलं. मग जो आवाज निघाला तो पुंडलिकानं फक्त देवळापुढं ऐकला होता.

"हे शीमेच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परशुराम आणि केशर उभं राहून म्हणाले. सवयच ती.

"आज ही तुजी लेकरं एका मतानं, एका चित्तानं तुज्या पायाशी आलीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बाळी म्हून एक पोर रानात गेली ती माघारी आली न्हाई. काट्याकुट्यातनं, वाघराच्या तोंडातनं तिला राखून..." इथं लखू अडखळला. पुढचा शब्द जिभेवर असून तो गिळल्यासारखं त्यानं केलं. "...तिला राखून, घरी आणून सोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी पुंडलिकही ओढल्यासारखा त्यांच्यात म्हणाला.

चौघांचा आवाज थांबला. आणि मग, एक श्वास मागाहून, मागच्या कोपऱ्यातून, जिथं नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या तिथून, बारीक आवाजात तेच शब्द आले.

पुंडलिकानं मान वळवली. कोपऱ्यात गुंडाळ्या होत्या, केरसुणी होती. कौलारू खोली, रिकाम्या भिंती, आवाज घुमायचाच. वर्गात पाढे म्हणतानाही घुमतो. त्यानं स्वतःला तेवढं समजावलं आणि कवड्या लखूच्या हातात दिल्या. त्या दिवशी तिन्ही सोंगं पहिल्या दरवाजापर्यंत पोचली.

३

मंगळवारी मधल्या सुटीत लखूची आई, रुक्मा, शाळेच्या कुडाशी उभी होती. सत्तरीची बाई, डोकीवर गवताचा भारा.

"मास्तर, बाळी साळंत आली काय?"

पुंडलिकाला आधी हसू आलं, मग राग आला. लखूनं घरी जाऊन सांगितलंय आणि आता म्हातारीला पुढं करून हे आपली फिरकी घेतायत. बाहेरगावचा मास्तर म्हणजे सगळ्यांच्या हक्काचं गिऱ्हाईक. तोही काही कमी नव्हता. त्यानं गंभीर तोंड करून विचारलं, "कोण बाळी, आजी?"

"कोण म्हाईत न्हाई. पिवळा झगा हाय. डावा कान हितं फाटल्याला." रुक्मानं स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवली. "सकाळच्या पारी आमच्या दारात येती. नाव विचारलं तर बाळी म्हून सांगती. म्हटलं साळंची पोर असंल."

भारा सावरत ती निघून गेली. पुंडलिक तिथंच उभा राहिला, आणि पोरांनी येऊन सांगितलं तेव्हा त्याला घंटा द्यायची आठवण झाली.

कानाचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते फक्त वहीत होतं आणि वही शाळेच्या कपाटात, कुलपात. म्हणजे कुणीतरी वही वाचत होतं. मनात पाल चुकचुकली ती अशी. भीती नव्हे, संशय. भूत असतं तर पुंडलिकाला त्याचं एवढं वाईट वाटलं नसतं. पण ज्यांच्यासाठी आपण रात्रंदिवस गोष्ट रचतो तेच पाठीमागं कुलूप उघडून वाचतात आणि म्हाताऱ्या बाईला पढवून पाठवतात, हे त्याला फार लागलं.

बुधवारी परशुराम पत्र घेऊन आला. पुंडलिकानं पत्राआधी त्याच्याकडं बघितलं.

"परशुराम, माझी वही कुणी उघडली?"

"वही? मला काय ठाऊक ओ?" परशुरामानं सायकल स्टँडवर लावली. "तोंड असं का केलासा? घरचं काय वाईट हाय काय?"

पत्रात वाईट असं काही नव्हतं, चांगलंही नव्हतं. 'सुईणबाई पोटावर हात ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, पोर आळशी आहे. मला त्यांचं गप्प बसणं आवडलं नाही.'

४

चोर पकडायचा तर सापळा लावावा. पुंडलिकानं लहानपणी उंदीर पकडले होते, माणसं पकडायची ही पहिलीच वेळ. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यानं वहीत बाळीच्या नावापुढं एक नवी ओळ घातली: 'उंबरा कधी एक पाय टाकून ओलांडत नाही. दोन्ही पाय जुळवून उडी मारते.' अशी ओळ कुणाच्या डोक्यात आपोआप येणं शक्य नव्हतं. कपाटाला कुलूप लावलं. दोन्ही दारांच्या फटीवर शिवणाचा पांढरा दोरा भाताच्या शितानं चिकटवला. किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली आणि शाळेच्याच मागच्या खोलीत, जिथं तो राहायचा, चहा ठेवायला गेला.

स्टोव्हला पंप मारताना शाळेच्या खोलीतून आवाज आला. थप्प.

नारळ पडावा तसा जड नव्हता. मांजरासारखा हलकाही नव्हता. अनवाणी तळवे शेणानं सारवलेल्या जमिनीवर एकदम टेकले की होतो तसा. पुंडलिकानं पंप सोडला. स्टोव्ह फुरफुरत राहिला. त्यानं मधलं दार उघडून पाहिलं. खोली रिकामी होती. बाहेरचं दार सताड उघडं होतं. ते आपण ओढून घेतलं होतं की नाही हे त्याला काही केल्या आठवेना. अंगणात ऊन पडलं होतं. फणसावर वानरं असायची. वानर दारातून आत उडी मारतं, काही मिळालं नाही की जातं. हे पटण्यासारखं होतं आणि पुंडलिकानं ते पटवून घेतलं. वानर आत येतानाच आवाज करून बाहेर जाताना का करत नाही, हा विचार त्यानं मनात येऊ दिला नाही.

दोरा तपासला. जसाच्या तसा होता. शीत वाळून कडक झालं होतं.

५

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची. सुटल्या सुटल्या पुंडलिक लखूच्या घरी गेला, भांडायच्या तयारीनं. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं. लखू दारात कोयत्याला धार लावत होता. रुक्मा आत चुलीपाशी होती.

"लखू, पुरे झाली ही थट्टा."

"कसली?"

"बाळीची."

लखूनं कोयता खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. झोप न झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्यानं आईला हाक मारली. "आये, मास्तरांना सांग."

रुक्मा बाहेर आली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. "रोज येती," ती म्हणाली. "आज एक नवंच. उंबऱ्याभायेर हुबी ऱ्हाती, दोन्ही पाय जुळवून. उडी मारायला असती बघा पोरं, तशी. मी म्हणती ये गं. आत बघती. चुलीकडं बघती, देवाकडं बघती. मग वळती नि जाती."

उंबऱ्यापुढच्या जागेकडं पुंडलिकाची नजर गेली आणि त्यानं ती उचलली.

"तू पाहिलीस?" त्यानं लखूला विचारलं.

"मला दिसत न्हाई. ऐकू येतंय." लखू खाली बघत म्हणाला. "मास्तर, चूक माजी हाय. गाऱ्हाण्यात कुणाला आणायला सांगितलं तर कुणाच्या घरी आणायचं त्ये सांगावं लागतंय. अमक्याची लेक, अमक्याच्या घरी सोड. घरी सोड म्हटलो मी, पन कुनाच्या? माज्या घरात तर बहीणच न्हाई. खोटं कसं बोलू देवाफुडं? म्हून घर सांगायचं ऱ्हायलं."

"अरे, पण ती मुलगीच खोटी आहे!"

"त्ये तुमाला ठावं. त्याला सांगितलं की हाय म्हून." लखूनं रानाच्या दिशेनं हनुवटी केली. "आनून सोड म्हटल्यावर त्यो आनतोय. आता दारोदार फिरवालाय."

"मग परत घे गाऱ्हाणं."

"तोंडातनं गेल्यालं परत घेता येत असतं तर काय पायजे हुतं?" रुक्मा म्हणाली आणि मग अगदी साधेपणानं, पावसाचं विचारावं तसं, तिनं विचारलं, "तिचं नाव कुनी ठेवलं मास्तर?"

पुंडलिक खोलीवर आला तो तावातावानं. हे तिघं आता म्हातारीसकट एकत्र झालेत, त्यानं स्वतःशी ठरवलं. दोऱ्याची युक्ती त्यांना कळली असणार. शीत ओलं करून दोरा काढायचा, परत चिकटवायचा, त्यात काय मोठंसं? कपाटाला मागून फळी आहे, ती सरकत असेल. त्यानं कपाट भिंतीपासून ओढून पाहिलं. फळी खिळ्यांनी ठोकलेली होती आणि खिळे गंजले होते.

६

रविवारी तिघंही आले. कवड्या कुणी हातात घेतल्या नाहीत. केशर भिंतीला टेकून बसली होती, नेहमीची बडबड नव्हती.

"केशरबाई, तुम्हीसुद्धा?" पुंडलिक म्हणाला.

"मी काय बघितलेलं न्हाई," केशर म्हणाली. "पन अंगणवाडीच्या पायरीवर कालपास्नं थप थप ऐकाय येतंय. पोरं म्हणत्यात, बाई, ती आत का येत न्हाई? मी काय सांगू? तुमी ल्हिलंसा, तुमीच काय त्ये मिटवा."

"मिटवतो," पुंडलिक म्हणाला. तो खरंच चिडला होता आणि चिडलेल्या माणसाला भीती वाटायला वेळ नसतो. त्यानं वही उघडली. "ऐका. गड हेच तिचं घर. ती तिसऱ्या दरवाजात पोचली, दरवाजा लागला. संपली गोष्ट. संपला खेळ. घाल लखू गाऱ्हाणं."

लखू उभा राहिला, हात जोडले, तोंड उघडलं आणि परत मिटलं. "गड कुठं हाय मास्तर? वहीत. कुनाला घेऊन जाईल त्यो तिथं? खरं घर सांगा. चूल पेटती असलं."

"माझ्याकडं नाही असलं घर!"

बाहेर वारा नव्हता. परशुराम चुळबुळला, कपाळावर हात मारला आणि पिशवीतून एक अंतर्देशीय काढलं.

"चुकलंच ओ माझं. कालच्या टपालात आलंय. द्यायचं ऱ्हायलं."

बुधवारशिवाय मंगलचं पत्र कधी यायचं नाही. पुंडलिकानं ते घाईनं फाडलं, एक कोपरा अक्षरांसकट गेला. 'मधे एकदा थोडं काहीतरी जाणवल्यासारखं झालं होतं, तेही आता नाही. चार दिवस झाले, दगडासारखं आहे. आई धीर देतात पण देवापुढून उठत नाहीत. रजा मिळो न मिळो, तुम्ही या. मला या वेळी रिकाम्या घरात बसायचं नाही.'

पुस्तकातली रेघ मारलेली ओळ त्याला त्या क्षणी का आठवावी? प्रत्येकाला त्याचं स्वतःचं असं काहीतरी द्या. पण ती आठवण पुरती उमटायच्या आतच पत्रातलं दुःख वर आलं आणि त्याचे डोळे भरले. खेळ, वही, लखू, सगळं त्याला एकाएकी लांबचं वाटलं.

"घरी," तो म्हणाला. मग पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "माझ्या घरी जायला हवं. खानापूरला. माझ्या घरी."

"व्हय म्हाराजा," कोपऱ्यातून बारीक आवाज आला.

पुंडलिकानं आधी तिघांच्या तोंडांकडं पाहिलं. संशयाची सवय जात नाही. परशुरामाचे ओठ घट्ट मिटलेले होते. केशरनं पदर तोंडात धरला होता. लखू अजून हात जोडून उभा होता आणि त्याचे डोळे नकाशांच्या गुंडाळ्यांपासून दारापर्यंत सावकाश सरकत गेले, समोरून कुणी चालत जात असावं तसे.

पुंडलिकानं दाराकडं वळून पाहिलं तेव्हा फार उशीर झाला नव्हता. उंबऱ्यापाशी पिवळ्या कापडाची कड होती, धुऊन धुऊन फिकी झालेली. तिच्याखाली दोन टाचा, एकमेकींना जुळलेल्या. टाचा उचलल्या गेल्या. बाहेरच्या पायरीवर थप्प झालं आणि मग अंगणात नुसतं ऊन होतं.

लखूनं हात खाली घेतले. "झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि पुंडलिकाच्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

७

सोमवारी सकाळच्या बसला पुंडलिक उभा होता. वही त्यानं पहाटे चुलीत घातली होती, कवड्या ओढ्यात. रुक्मा मुद्दाम गुंदपर्यंत चालत आली होती. तिनं त्याच्या हातात केळीच्या पानात बांधलेली भाकरी दिली.

"आज आली न्हाई," ती म्हणाली. "वाट बघितली मी. गावली असंल तिला तिची वाट."

"आजी, असलं काही नसतं," पुंडलिक म्हणाला.

"नसू दे की," रुक्मा म्हणाली. "जपून जावा."

बसमध्ये त्यानं खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. जोयडा गेलं. कुणी येऊन बसलं नाही, पिशवी हलली नाही. कंडक्टरनं एकच तिकीट फाडलं, तेही त्यानं दोनदा उलटून पाहिलं. रामनगरला गाडी बदलताना तो मुद्दाम सगळ्यांच्या मागून चढला आणि पायरीकडं कान देऊन उभा राहिला. कोंबड्यांची टोपली चढवणाऱ्या एका म्हाताऱ्याखेरीज मागं कुणी नव्हतं. लोंढ्याच्या पुढं त्यानं पान सोडून भाकरी खाल्ली. जेवण जातंय म्हणजे आपण शुद्धीवर आहोत, असं त्याला वाटलं. रानात एकटा राहिलं की माणसाचं डोकं फिरतं; चार जणांनी एकदम ऐकलं म्हणजे चौघांचं फिरलं. खानापूरच्या स्टँडवर उतरल्यावर उसाचा रस पिताना तर त्याला स्वतःचं हसू आलं. मग मंगलची आठवण होऊन तो गल्लीतून जवळजवळ पळतच गेला.

त्याला लांबून येताना बघून आई दारात येऊन उभी होती, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसाला तसंच घरात घ्यायची रीत नव्हती. त्यानं पायरीवर पाय जुळवून उभं राहायचं, आईनं तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच आत. पुंडलिक पायरीवर उभा राहिला. आईचे डोळे रडून सुजलेले दिसले.

"आई, मंगल?"

"थांब, आधी ओवाळू दे."

तिनं तुकडा तीनदा फिरवून डावीकडं टाकला. पायांवर गार पाणी पडलं. त्याच वेळी आतून मंगल ओरडली.

ओरडणं वेदनेचं नव्हतं. ती भिंतीला धरून दारापर्यंत आली, दुसरा हात पोटावर, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की पुंडलिकानं तो लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता.

"अहो, हात ठेवा. लवकर. हितं."

त्यानं हात पुढं केला. उंबरा मधेच होता; तो बाहेर, ती आत.

"आत्ता, तुम्ही पायरीवर उभं राहिलात तेव्हा," मंगल हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "इतके दिवस काही नाही आणि आता केवढी जोरात! बाकीच्या बायका सांगतात लाथ मारतं, लाथ मारतं. ही लाथ नव्हे. दोन्ही पाय एकदम."

"देवानं ऐकलं गं बाई," आई म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागली.

पुंडलिकाला आनंद झाला. खरोखरच झाला, छाती भरून झाला, आणि आपल्याला आनंद होतोय हेच त्याला सोसेना. हात काढून घ्यावा म्हणून त्यानं मनगट मागं ओढलं. मंगलनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"थांबा हो. परत मारेल."

गल्लीत एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्याच्या तळव्याखाली, पातळाच्या आत, जुळलेल्या दोन टाचा टेकल्या.